कोकिळेचे डोळे

"डोये उघडे काढा, मास्तर," अर्जुनराव म्हणाले आणि फोटो टेबलावर पालथाच ठेवला.

महादेवरावांनी तो सुलटा केला. अर्जुनरावांची सात वर्षांची लेक कोकिळा भिंतीला टेकवून बसवलेली, केसांना तेल, नवा परकर, आणि डोळे मिटलेले. जिवंतपणी तिचा फोटो काढायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. तापाने पोर गेली, तेव्हा चिखलीहून फोटोवाल्याला आणलं.

"डोळे कसे होते?"

"मोठे, कायेभोर. दोनी चांगले काढा." कोकिळेची आई, सोजराबाई, दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

महादेवराव शाळेत चित्रकला शिकवत. तरुणपणी मुंबईच्या कलाशाळेत दोन वर्षं काढली, तोच वडील वारले आणि परत यावं लागलं. पण तिथल्या गुरूंचं बोलणं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जलरंगात पांढरा डबीत शोधायचा नाही, तो कागदात असतो. हवा तिथे कागद आधीच कोरा राखायचा. गुरू टर्नर नावाच्या इंग्रज चित्रकाराची गोष्ट सांगत. तो अंगठ्याचं नख वाढवायचा आणि वाळलेला रंग खरवडून उजेड बाहेर काढायचा म्हणे. कोल्हापूरच्या तळ्याकाठी बसून आबालाल रहिमानांनी रंगवलेल्या पाण्याबद्दलही ते तासन्‌तास बोलत. महादेवरावांनाही पाणी आणि आभाळच रंगवायचं होतं. वाट्याला आले नाटकाचे पडदे आणि मेलेल्या माणसांचे चेहरे.

तरीही हे चित्र त्यांनी जीव ओतून केलं. दोन्ही बुबुळांत कागदाचा एकेक कण राखला आणि पोरगी बघू लागली.

ते पाहून अर्जुनराव ढसाढसा रडले. "जित्ती केली हो पोरगी!"

सोजराबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. "हे कोन व्हय?"

"काऊन असं म्हनतं वं?"

"तिच्या डाव्या डोयात फूल व्हतं, मास्तर. देवी आल्या तवा पडलं, पांढरंफेक. त्या बाजूनं तिले दिसेच नाई. म्हून जेवाले वाढताना मी तिच्या उजव्या अंगाले बसे."

"पोट्टे चिडवत तिले त्याच्यावरून," अर्जुनराव म्हणाले. "आता तरी चांगले राहू दे तिचे डोये."

"अन् हे भितीवर लावलं तं मी तिचं खरं तोंड इसरून जाईन, त्याचं काय?"

अर्जुनरावांनी डोळे पुसले आणि चित्र महादेवरावांपुढे सरकवलं. मग म्हणाले, "करा मास्तर, तिची माय म्हनते तसं."

महादेवरावांनी चित्र उजेडाकडे धरलं. डावं बुबुळ तर काळ्या रंगाने भरून गेलं होतं. शाळेत पांढऱ्या रंगाची बाटली होती, पण तो थर वरून चिकटवल्यासारखा दिसला असता. खरवडताना कागद फाटला, तर चेहराच जाणार होता. त्यांनी हात धुतले, नखातला खडू काढला आणि श्वास रोखून अंगठ्याचं नख डाव्या बुबुळावरून फिरवलं. एकदा, मग पुन्हा. रंगाखालून कागद वर आला. उभ्या आयुष्यात त्यांनी नखाने काढलेला हा पहिलाच उजेड होता, आणि तो एका आंधळ्या डोळ्यात होता. त्यांना भरून आलं.

चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. सोजराबाई त्याच्यासमोर बसल्या. घटकाभर पाहत राहिल्या, आणि मग सवयीने जराशा सरकल्या, पोरीच्या चांगल्या डोळ्यासमोर.