गिलाव्याचे सात दिवस

मुलाच्या वसतिगृहाच्या फाटकावर एक जाड वही असते. पाहुण्याने त्यात नाव, नातं आणि किती रात्री राहणार ते लिहायचं. शेवटच्या रकान्यात पहारेकरी आधीच तीनचा आकडा टाकून ठेवायचा. संशोधन करणाऱ्या मुलांच्या खोलीत पाहुण्याला महिन्यातून तीनच रात्री, मग तो मित्र असो नाहीतर बाप. मी अक्षरं पन्नाशीत शिकलो, त्यामुळे नाव लिहायला वेळ लागतो. पहारेकरी म्हणायचा, "सावकाश, मिस्त्री. तुमचं नाव होईपर्यंत माझा चहा होतो."

बायको गेल्यावर मी इथे येऊ लागलो. मुलाला "येऊ का?" असं विचारायला जीभ रेटेना, म्हणून कारण शोधलं. त्याच्या खोलीत खिडकीखालचा गिलावा सुटला होता. जन्मभर गवंडीकाम केलेलं. थापी पिशवीत टाकली आणि आलो.

गिलावा एका दुपारी होतो, पण पुढे सात दिवस त्याला पाणी मारावं लागतं, नाहीतर तडकतो. मला चौथ्या सकाळी निघावं लागलं. जाताना मुलाला म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी शिंपड." "हो, अण्णा," म्हणाला. पुढच्या महिन्यात येऊन पाहतो तर हा तडा! खरवडला, पुन्हा केला. पुन्हा तडा. असं तीनदा झालं.

मुलगा संशोधक विद्यार्थ्यांच्या मंडळाचा सचिव. मंडळ म्हणजे त्यांनीच निवडून दिलेली अकरा मुलंमुली. आजारपणात रजा मिळावी, आईवडिलांना दवाखान्याचं कार्ड मिळावं, पाहुण्यांचा नियम बदलावा, यासाठी ती कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होती. प्रयोगशाळेतून सुटला की मुलगा बैठकीला. मी खोलीत भिंतीशी. तीन दिवसांत आमचं बोलणं "जेवलात का?" आणि "जेवलो" एवढंच.

चौथ्या खेपेला तो म्हणाला, "अण्णा, उद्या नियमाची सुनावणी आहे. तुम्ही चला. नुसतं बसायचं, बोलायचं नाही."

"मग नेतोस कशाला?"

"त्यांनी तुम्हाला बघावं म्हणून."

"मी काय उपवर मुलगी आहे?"

तो हसला. आई गेल्यापासून त्याचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

सुनावणीला लांब टेबलापलीकडे कुलसचिव आणि वॉर्डन बसले होते. मंडळाची अध्यक्ष, चष्मेवाली बारीकशी मुलगी, तिने मागणी वाचून दाखवली. कुलसचिव म्हणाले, "हे वसतिगृह आहे, धर्मशाळा नाही. भेटायला तीन दिवस पुष्कळ झाले."

मुलगी कागद चाळू लागली. तेव्हा माझा मुलगा उठला.

"सर, माझे वडील गवंडी आहेत. माझ्या खोलीतली भिंत त्यांनी तीनदा दुरुस्त केली. गिलाव्याला सात दिवस पाणी लागतं. तुमच्या नियमात तीनच बसतात. पुढचे दिवस मी पाणी मारायचं होतं, ते मला जमलं नाही. घरी ते एकटेच असतात. फोनवर विचारलं की 'बरं आहे' म्हणतात. मागे दोन रेडिओ चालू असतात. एक स्वयंपाकघरात, एक बाहेर. दोन्हींवर वेगवेगळं."

मी चपलेकडे बघत राहिलो. दोन रेडिओंचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतके दिवस त्याला ते ऐकू येत होतं तर.

कुलसचिवांनी मलाच विचारलं, "काय हो काका, खरंच सात दिवस लागतात?"

"सात तर लागतातच, साहेब. दहा मिळाले तर भिंत तुम्हाला दुवा देईल."

सगळे हसले, वॉर्डनसुद्धा. दहा रात्री मंजूर झाल्या, त्याही त्याच दिवसापासून. रजेचं आणि कार्डाचं पुढच्या सभेवर ढकललं.

बाहेर पोरांनी मुलाला गराडा घातला. पाठीवर थापा पडत होत्या. मी जिन्याशी थांबलो. वाटलं, आता येईल, रेडिओचं काहीतरी बोलेल. आला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही खोलीवर जा. आम्ही लगेच कार्डाचा अर्ज लिहून काढतो."

पहारेकऱ्याने वहीतला तीन खोडून दहा केला. मी खिडकीखाली नवा गिलावा चढवला आणि रोज दोनदा पाणी मारलं. मुलगा सकाळी जायचा, येऊन आडवा व्हायचा. एकदा माझ्याबरोबर जेवायला बसला, तर घास हातात घेऊनच पेंगला. मी त्याच्या पुढ्यातलं ताट काढून घेतलं.

शेवटच्या सकाळी तो गेल्यावर भिंतीवर बोटाचं पेर आपटून पाहिलं. गच्च आवाज. एक बारीक रेघसुद्धा नाही. मग बाकीच्या भिंती वाजवल्या. दाराच्या वरची स्टुलावर चढून दोनदा वाजवली. सगळ्या पक्क्या.

बराच वेळ त्या स्टुलावरच बसून राहिलो. मग त्याच्या टेबलावरचा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: खिडकीखालचं झालं. दारावर पोकळ वाजतंय. पुढच्या महिन्यात येतो.

फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे सरकवली. "झालं का काम, मिस्त्री?"

"कुठलं होतंय," मी म्हणालो आणि निघाल्याची वेळ लिहायला घेतली.