हात लागेपर्यंत देणाऱ्याची

मी एक ढाल बोलतेय. हसू नका. रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी, लाकडाची, मधोमध पितळेची चूक ठोकलेली; पण ढालच. ज्यांनी मला लढाईत धरलं त्यांना माझ्या आकाराची कधी शंका आली नाही, तुम्हीही घेऊ नका.

माझं लाकूड धोट्याचं. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे सुसाट पळतो तो धोटा. गिरणीत साचा चालवणाऱ्या दौलतने एक मोडका धोटा घरी आणून ठेवला होता. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला आणि आठ-आठ तास साच्यापुढे उभी राहणारी माणसं डिलाईल रोडच्या चाळीत गॅलरीत बसून राहिली. दौलतच्या हातांना काही चैन पडेना. त्याच हातांनी धोटा कापला आणि माझा जन्म झाला.

खेळ मात्र नलूचा. नलू दौलतची धाकटी बहीण, गोष्टी रचण्यात पटाईत. पाटावर खडूने चौकोन आखून तिने किल्ला मांडला. दौलत त्यातला किल्लेदार. त्याच्या शेजारच्या साच्यावरचा आणि त्याच्याच गावचा दोस्त रामजी धनुर्धारी. चाळीतला जगन आणि आणखी दोघे मावळे. नलू गोष्ट पुढे न्यायची आणि शत्रूच्या वतीने फासा टाकायची. प्रत्येकाचा जीव दहा चिंचोक्यांचा. घाव बसला की एक चिंचोका गेला. तीनच्या वर पडलं की घाव बसायचाच. हातात मी असले तर मात्र सहाच पडावे लागत. आणि मी सगळ्यांत मिळून एकटीच!

मग काय, शत्रू वळेल तिकडे मी. एका डावात जगनकडून दौलतकडे, दौलतकडून रामजीकडे, परत जगनकडे. माझं डोकं गरगरायला लागलं.

"अरे, ही ढाल आहे की सत्यनारायणाचा प्रसाद?" नलू ओरडली.

"द्यायला कितीसा टाइम लागतो?" जगन म्हणाला. "हात पुढे केला की झालं."

"असं? मग पाळी बदलताना चालता साचा कसा देता रे तुम्ही? पुढचा माणूस हात लावीपर्यंत साचा कुणाचा?"

"आधीच्याचा," रामजी आणि दौलत एकदमच बोलले.

तोच नियम झाला. देणाऱ्याची एक खेळी खर्च, घेणाऱ्याचीही एक. घेणाऱ्याचा हात मोकळा हवा. नसेल तर हातातलं खाली टाकायचं. टाकायला मात्र खेळी लागत नाही. आणि तो हात लावून "घेतली" म्हणेपर्यंत वस्तू देणाऱ्याचीच. गिरणीतल्या माणसांना हे दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही. मला तर हा नियम फार आवडला. कुणीतरी देतंय आणि कुणीतरी घेतंय, एवढं कळायला सवड मिळू लागली.

दिवाळी तोंडावर आली तरी संप चालूच होता. रामजीच्या बायकोचे दिवस भरत आले होते. एका सकाळी तो गिरणीच्या फाटकावर जाऊन, संप मोडून कामावर येतो म्हणून नाव देऊन आला. दुपारपर्यंत ते चाळभर झालं. तरी चार वाजता तो रोजच्यासारखा पाटाशी येऊन बसला. कुणी बस म्हटलं नाही, कुणी ऊठही म्हटलं नाही.

त्या डावात दौलतचा एकच चिंचोका उरला होता. उजव्या हातात तलवार, डाव्यात मशाल, आणि समोर शत्रू. मी रामजीकडे होते.

"माझी खेळी," रामजी म्हणाला. "दौलत, ढाल घे." त्याने मला दोघांच्या मधल्या रेघेवर सरकवलं.

दौलतने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझे हात भरलेत."

"मशाल टाक ना, दादा," नलू हळूच म्हणाली. "टाकायला खेळी लागत नाय."

"नाय टाकणार."

"एक चिंचोका उरलाय तुझा, येड्या!"

"एकावर मरेन, रामजी. तुझी ढाल नको."

रामजी उठला, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेला. मी रेघेवर तशीच पडून. खरं सांगते, ज्याने मला घडवलं त्या दौलतचा त्या दिवशी मला राग आला. आणि त्याची कीवही आली, कारण रामजी गेल्यावर तो कितीतरी वेळ त्या एका चिंचोक्याकडे बघत बसला होता.

नलूने शत्रूचा फासा टाकलाच नाही. कोण कुठे, कुणाचे किती, सगळं तिने कागदावर लिहिलं आणि आम्हा सर्वांना बिस्किटाच्या डब्यात भरलं. रामजीने महिन्याभरात चाळ सोडली. पुढे ती गिरणीही बंद पडली. नाव देणारा आणि न देणारा, दोघेही एकाच फाटकाबाहेर आले. फक्त वेगवेगळ्या दिवशी. दौलत दादरला एका साडीच्या दुकानात लागला. घरात रामजीचं नाव कुणी काढत नसे. मला कुणी खेळायला मागितलं की नलू तेवढी म्हणायची, "ती रामजीची आहे. दादाचा हात लागलेला नाय."

चाळ पडली, टॉवर झाला, डबा नव्या घरात आला. दौलतची नात पद्मजा दादरला मैत्रिणींबरोबर असलाच खेळ खेळते. आता त्याची जाडजूड पुस्तकं मिळतात आणि फासे वीस बाजूंचे असतात. नलूआजीच्या शंभर सूचना ऐकून तिने एकदा मला सोबत नेलं, नुसतं बघायला.

तिथेही तेच भांडण! लढाईत औषधाची बाटली दुसऱ्याला देणं फुकट की खेळी जाणार? सगळ्या एकदम बोलत होत्या.

"आमच्या घरचा नियम सांगू?" पद्मजा म्हणाली. "हात लागेपर्यंत देणाऱ्याची."

समोरची अंबिका थबकली. "हे तुला कुणी सांगितलं? माझे आजोबा पत्ते खेळतानासुद्धा हेच म्हणतात."

"नाव काय त्यांचं?"

"रामजी."

माझी पितळेची चूक उडून पडायची तेवढी राहिली.

पुढच्या रविवारी रामजी आला. केस पांढरे, चाल संथ. दौलत खुर्चीत होता. उजव्या हातात काठी, डाव्यात चहाचा कप. नलूने पाट मांडला, कागद बघून एकेक सोंगटी जागेवर ठेवली, आणि मला रेघेवर.

"दादा, तुझी खेळी. चाळीस वर्षं लावलीस, आता आटप."

"मी दिलीय," रामजी म्हणाला. "माझी खेळी कधीच झाली."

दौलतने कप स्टुलावर ठेवला. चहा बशीत सांडला. "मशाल टाकली," तो म्हणाला, आणि त्याचा हात माझ्यावर आला. "घेतली रे."

नलूने फासा टाकला. पाच.

"ढाल होती म्हणून वाचलास," ती डोळे पुसत म्हणाली.

"तेव्हाच सांगत होतो येड्याला," रामजी म्हणाला.

"हात भरलेले होते रे माझे."

"ठाऊक आहे मला."

आता मी दौलतच्या सदऱ्याच्या खिशात असते. रविवारी पाटावर जाते, इकडून तिकडे फिरते, थकते, सुखात आहे. तुमच्याजवळ एकच मागणं. कुणी तुमच्यापुढे काही धरून उभं असेल, तर आपल्या हातात काय आहे ते एकदा बघा. टाकायला खेळी लागत नाही. समोरच्याचा हात मात्र दुखतो.