काडीपेटीच्या खाली

आमच्या घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर एक नियम होता आणि तो मीच लादला होता: काडीपेटी जिथे बोलेल, तिथे आपण चकार शब्द काढायचा नाही. काडीपेटी म्हणजे आमच्यातलाच एक दुकानदार. कुणी काही विचारलं की हा आलाच काडी लावायला. ज्याने ग्रुप काढला त्याने धंदा सोडला, नंबरही बदलला, त्यामुळे ह्या प्राण्याला हाकलायची सोय उरली नव्हती.

माझ्यासारख्या तापट माणसाने असा नियम करावा, यावर बायको पोट धरून हसली होती. पण मी तो पाळत होतो. बोटं शिवशिवायची, मी दात-ओठ खायचो आणि पुन्हा घड्याळात डोकं खुपसायचो.

त्या दुपारी आमच्यातल्या नव्या मुलीने फोटो टाकला. वडिलांचं बंद पडलेलं दुकान तिने नुकतंच उघडलं होतं. टेबलावर भिंतीवरचं मोठं घड्याळ, आणि खाली लिहिलेलं, ‘आज पहिल्यांदा एकटी खोलतेय.’ लगेच काडीपेटी हजर. ‘पोरींनी घड्याळात वेळ बघावी. खोलायचं काम त्यांचं नाही. बापाचं दुकान भंगारात काढ.’

माझं डोकं सणकलं. त्याची बिनपाण्याने करणारं उत्तर मी लिहून काढलं. काय झकास जमलं होतं! बायको शेजारीच हिशेबाला बसली होती.

“पाठवा की,” ती म्हणाली. “नियम तुमचाच आहे, तुम्हीच मोडा.”

मी सगळं पुसलं. तेवढ्यात काडीपेटीच्या खालीच त्या मुलीचा मेसेज आला. ‘खटकी बसत नाहीये. चावी धरून ठेवलीय. सोडू कशी?’

कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. उलट मला सगळ्यांचं कौतुक वाटलं, पठ्ठ्यांपैकी एकही हलला नाही म्हणून.

बायकोने चष्मा वर सारून मेसेज वाचला. “अहो, ती त्याच्याशी कुठे भांडतेय? ती तुम्हाला विचारतेय.”

अशा घड्याळाची स्प्रिंग भरलेली असली की तिला मागे फिरू न देणारी एक छोटी खटकी असते. ती निकामी झाली की सगळा जोर चावीवर, म्हणजे धरणाऱ्याच्या हातावर. हात सुटला तर चावी गरकन फिरते आणि बोटं मोडते. माझ्या गुरूंची दोन बोटं त्यानेच वाकडी झाली होती.

मी फोन लावला.

“काका, हात बधिर झालाय.”

“सोडायचं नाही. फोन स्पीकरवर टाक, खाली ठेव. आता सांग, खटकी मोडलीय की नुसती सैल आहे?”

“खटकी शाबूत आहे. तिला दाबणारी पट्टी तुटलीय.”

“मग जिंकलीस. डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर घे आणि त्याने खटकी चाकाच्या दातात दाबून धर. बसली?”

“बसली.”

“आता चावीची पकड बदल. खटकी उचल, चावी थोडी मागे येऊ दे, परत दाब. असा एकेक दात सोडत सगळी स्प्रिंग उतरव. घाई करू नकोस.”

तेवढ्यात फोनच्या स्क्रीनवर काडीपेटीचा मेसेज उगवला. ‘काय झालं? रडत बसली वाटतं!’ मी तो बोटाने वर सरकवला. पलीकडून टक, मग श्वास, मग पुन्हा टक ऐकू येत होतं. मध्येच ती “थांबू का?” म्हणाली आणि माझ्या उत्तराआधी स्वतःच “नाही, करते” म्हणाली.

“सुटली सगळी,” शेवटी ती म्हणाली. “काका, कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, सगळ्यांना त्याच्यासारखंच वाटतं.”

मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मी तिथल्या तिथे ग्रुपवर, काडीपेटीच्या खालीच लिहिलं, ‘खटकीची पट्टी तुटलेली असताना हिने भरलेली स्प्रिंग एकटीने उतरवली. नवी पट्टी कुणाकडे आहे?’ धडाधड उत्तरं आली. तिघांकडे पट्टी होती, एकाला तिचा हात कसा आहे ते हवं होतं.

“काका,” ती अजून फोनवर होती, “त्याला काय उत्तर देऊ?”

“कुणाला?” मी म्हणालो. “पट्टीचं माप पाठव आधी. लोक थांबलेत.”