शॉकचं रबर

"हळू घ्या हो! कंबरडं मोडलं माझं!" मायमूना कळवळली. पण गाडी गतिरोधक उतरलीसुद्धा, आणि खालून नेहमीसारखं लोखंडावर लोखंड आदळलं. ठाप!

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला दर आठवड्याला इस्पितळात न्यावं लागे. मिचेल्स प्लेनच्या त्या वस्तीत गल्लीगल्लीला मेले गतिरोधक. गनीफने गाडी कडेला घेतली.

"बस्स झालं. मूळच्या स्प्रिंगा घालून उंच करतो हिला."

"हात तर लावून बघा! ताशरीकनं बसवलीय तशीच राहील ती."

ताशरीक त्यांचा एकुलता एक. गेल्या हिवाळ्यात तापाने गेला. ही गोल्फ गाडी त्याचीच. स्प्रिंगा कापून त्याने ती पार जमिनीलगत आणली होती. चाकाच्या वरच्या फटीत बोटसुद्धा मावू नये, हा इथल्या पोरांचा थाट. त्यापायी धक्के झेलणाऱ्या शॉकच्या दांड्यावरचं रबरही तो काढून फेकून मोकळा झाला होता. शॉक पूर्ण दबला तरी आपटू नये म्हणून असतं ते. अशा पोरांचे फुटके शॉक बदलण्यात गनीफचा जन्म गेला. स्वतःच्या पोराला मात्र तो काही बोलला नव्हता. कोण बोलतं?

रविवारी सकाळी त्याने गाडी जॅकवर चढवली. त्याचेही गुडघे आता बोलत होते. थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "बूता, आता म्हातारपणी तरी उंच करा की!"

"तुझी जीभ आधी खाली कर!"

स्प्रिंगा त्याने तशाच ठेवल्या, फक्त नवं रबर आणलं होतं. ते अख्खं घातलं असतं तर एवढी खाली बसलेली गाडी त्याच्यावरच टेकून राहिली असती. म्हणून त्याने ते निम्मं कापून दांड्यावर सरकवलं. जॅक काढला. मायमूना काठी टेकत आली, वाकली, चाकावरच्या फटीत बोट घालून पाहिलं. मावलं नाही. तिने मान डोलावली.

मग दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. तिथल्या गतिरोधकावरून गाडी अलगद उतरली.

"दुखलं?"

"नाही." ती बाहेर बघत राहिली. "वाजलं नाही."

"त्यासाठीच तर खपलो दिवसभर."



दुसऱ्या दिवशी गनीफ कामावरून दमूनभागून परतला, तर मायमूना फाटकाशी उभी.

"अगं, ऊन केवढं! इथं कशाला थांबलीस?"

"कोपऱ्यावर ठाप झालं की मी चहा टाकायची. आधी ताशरीकसाठी, तो गेल्यावर तुमच्यासाठी. आता कुणी आलेलं कळतच नाही."

गनीफ गाडीकडे वळला. "काढू का ते रबर?"

"नको. दमलात तुम्ही," ती म्हणाली, आणि काठी टेकत चहा टाकायला आत गेली.