तीन दिवसांची सुट्टी

खालापूरच्या शिवारात बाईला सुट्टी मिळे ती महिन्यातून तीनच दिवस, आणि तीही विटाळाची. एरवी भात कांडा, शेण काढा, सासूचे टोमणे ऐका. ‘बाहेर’ बसलं की मात्र कुणी शिवायचं नाही, कुणी काम सांगायचं नाही. इतर बाया त्या दिवसांत गोठ्यालगतच्या पडवीत गोधड्या शिवत. चौथी शिकलेली इंदूबाई कादंबऱ्या वाचायची.

भाऊ वाल्मिक कर्जत स्टेशनात कारकून होता. तो कधी किल्ल्यांवरच्या लढायांची, कधी खुनाच्या तपासाची पुस्तकं आणून द्यायचा. पडवीत बसल्याबसल्या इंदू घोड्यावरून घाट उतरायची, खुन्याच्या मागावर हिंडायची. एवढं सुख तिला त्या घरात दुसऱ्या कशातच मिळालं नव्हतं.

लग्नाला तीन वर्षं होऊनही मूल नाही, म्हणून सासू चंद्राबाई दुसऱ्या सुनेची भाषा करत होती. बोलून बोलून थकेल म्हातारी, असं इंदू मनात म्हणे.

त्रेचाळीस सालच्या माघात तिचे दिवस चुकले. आठवडा उलटला. पण मागे एकदा घाईने सांगून तिने हसं करून घेतलं होतं, तेव्हा आता महिनाभर गप्प राहायचं ठरवलं. जीव अडकला होता पुस्तकात. इनामदाराचा खून, संशय तिघांवर, आणि शंभर पानं उरलेली! मोह आवरला नाही. "मी बाहेर हाय," म्हणाली आणि पडवीत जाऊन बसली. खुनी तिने ओळखलेलाच निघाला. स्वतःच्या हुशारीचा केवढा गर्व वाटला तिला!

चौथ्या दिवशी न्हाऊन आत आली, तर नवरा येसाजी साजगावला दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडून आलेला.

"या महिन्याची वाट बघत व्हते," चंद्राबाई म्हणाली. "तू परत बाहेर बसलीस. मग काय करू गं?"

इंदूने तिचे पाय धरले. "आत्याबाई, मी खोटं बोलले. मला दिवस गेलेत."

"कालपतूर पडवीत व्हतीस नि आज दिवस गेले? कुनाला खुळ्यात काढतेस?"

येसाजी उठून गोठ्याकडे गेला. पंधरा दिवसांत सुंदरा सवत होऊन घरात आली.

वैशाखात इंदूचं पोट दिसू लागलं. चंद्राबाईने आनंदाने साखर वाटली. "धाकटीच्या पायगुणानं थोरलीची कूस उजवली," असं शेजारणींना सांगत सुटली, आणि सवतीला कुंकू लावायला तिने इंदूलाच पुढे केलं.