तळ्यातला श्वास मोजणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे आणि मला खोटारडा म्हटलेलं अजिबात खपत नाही. येलदरीजवळ कस्तुराबाईंच्या शेततळ्यावर मी टांगलेला असतो. पाण्यातला प्राणवायू मी मोजतो. तो कमी झाला की बोंब ठोकतो, म्हणजे माशांची पिल्लं वाचतात.

मला घडवलं त्यांच्या पुतणीनं, राजेश्रीनं. पोटातला प्रोग्रामही तिनंच सी भाषेत लिहिला. पाण्यातल्या वायरीकडून आलेले बाइट, म्हणजे आकड्याचे तुकडे, मी स्मृतीच्या एका खणात पूर्णांक म्हणून ठेवायचो आणि कास्टिंग करून, म्हणजे त्याच खणाला दशांश म्हणून, वाचायचो. बरीच वर्षं निभलं. ताडकळसहून लोक मला बघायला यायचे. काय तो रुबाब!

मग राजेश्रीला मी संथ वाटू लागलो. तिचं लिहिणं माझ्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरला तिनं चपळाई करायला सांगितली. तो कुरकुरला, धोक्याच्या सूचना देऊ लागला, तर हिनं सूचनाच बंद केल्या! तो शहाणा धरून चालला, की पूर्णांक आणि दशांश एका खणात राहूच शकत नाहीत. पूर्णांक बदलला म्हणून दशांश परत कशाला वाचायचा? जुनाच दाखवा.

एका ढगाळ दुपारी वारा पडला. प्राणवायू घसरत होता. माझ्या पोटात खरा आकडा, तोंडावर मात्र सकाळचाच. जीव नुसता कासावीस झाला हो!

"राजेश्री, पळ गं! पिल्लं वर येऊन तोंडं उघडायलीत!" कस्तुराबाई ओरडल्या.

"पण काकू, डबा तर समदं ठीक दाखवायलाय."

"आग लागो त्या डब्याला! मोटर लाव आधी!"

पाणी उडवणारी मोटर लागली, पण बरीच पिल्लं गेली. कस्तुराबाई काठावर बसून रडल्या. मला खताच्या पोत्यांमागे भिरकावलं. मी बरोबरच मोजलं होतं, पण सांगू कुणाला?

पुढं राजेश्रीनंच मला उघडलं. सूचना चालू केल्या आणि चूक समोर आली. तिनं काकूंना समजावलं, "जागा एकच होती, पण कंपायलरला दोन वाटल्या."

"म्हंजे माहेरी मी कमल, हितं कस्तुरा. कमल जेवली तरी कस्तुरा उपाशीच हाय म्हणायचं व्हय?"

"तसंच केलं बघा त्यानं!"

आता तिच्या नव्या प्रोग्रामप्रमाणे मी बाइट उचलून दशांशाच्या वेगळ्या खणात नकलून घेतो, मग वाचतो.

मित्रांनो, कुणी कुरकुरत सूचना देत असेल तर त्याचं तोंड दाबू नका. मी पुन्हा तळ्यावर आहे, बिनचूक आहे. तरी कस्तुराबाई माझ्याआधी पाण्याकडेच बघतात. मनाला लागतं. पण बघू द्या. पिल्लं त्यांची गेली होती.