चमचाभर ताकद

मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. आधीच सांगून ठेवते मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल तर पुढे वाचू नका. माझी मधली दांडी कुऱ्हाडीने फाटली आहे, पुढचं चाक दुमडलं आहे आणि सीटच्या जागी नुसती नळी उरली आहे. मी चिडकी आहे, हे खरं. पण माझी हकीकत ऐकलीत, तर तुम्हीही चिडाल.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, आगीने एकमेकींना चिकटवल्या आणि मी सरळ आहे की नाही ते पाहायला एका धटिंगणाने मला लाकडी हातोड्याने बडवलं. तिथून मी नागपूरच्या एका दुकानात काचेआड येऊन बसले. मला वाटायचं, एखादा शहरी बाबू येईल, रविवारी सकाळी फिरवेल, मऊ फडक्याने पुसेल. आला मात्र चंद्रभान, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आणि तळहातावर कासऱ्याचे घट्टे पडलेला. आमच्या भागात सगळे त्याला चंद्रभानजी म्हणतात. मी 'जी' लावत नाही.

चंद्रभान विदर्भातल्या तळेगावजवळच्या एका खेड्यातला शेतकरी. शेती बरी होती, पण त्याचं नाव झालं होतं ते शंकरपटामुळे. बैलजोडीच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. त्याचा पाखऱ्या नावाचा बैल असा सुटायचा की बघणाऱ्यांच्या टोप्या उडायच्या. एका पटात पाखऱ्याने मोटारसायकल जिंकून दिली. चंद्रभानने ती गावातून एकदा फिरवली आणि विकून टाकली, कारण त्याची मुलगी आकांक्षा भावाच्या खटारा सायकलवर तळेगावचा घाट चढून जाते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या मोटारसायकलच्या बदल्यात मी घरी आले. तेव्हा मला तो माणूस देवासारखा वाटला होता.

घरात जागा नव्हती. मला गोठ्यात, पाखऱ्याच्या शेजारच्या खुंटीला टांगलं. बैल रात्रभर रवंथ करायचा आणि मी त्याच्या श्वासाची वाफ अंगावर घेत लटकायची. सवतीसारखे भांडलो नाही आम्ही. धावणाऱ्याला धावणारा कळतो.

चंद्रभानला जगातली एकच विद्या येत होती, पटाचा बैल तयार करण्याची. तीच त्याने मुलीला लावली. पाखऱ्याला अंडी, तर आकांक्षाला अंडी. पाखऱ्याला तूप, तर तिला तूप. बैलाच्या मांड्या तेलाने चोळून झाल्या की तोच हात धुऊन तो पोरीच्या पोटऱ्या चोळायचा. पटाच्या आदल्या संध्याकाळी बैलाची नजर काढायचा आणि शर्यतीला निघण्याआधी तिची. आकांक्षा हसायची. "बाबा, मले शिंगं लावाचीच राह्यली फक्त," म्हणायची. पण पाय पुढे करायची.

आणि आम्ही जिंकत गेलो. जिल्हा, विदर्भ, राज्य. मग एका कंपनीने तिला पगारावर आपल्या संघात घेतलं. संघाने तिला नवी सायकल देऊ केली होती, पण तिने मलाच ठेवलं. यावर मी अजूनही ऐट करते.

देशातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीआधी ती थोडे दिवस घरी आली. तेव्हाची गोष्ट. ती न्हाणीत होती. चंद्रभान गोठ्यात बसून हळदीचं दूध ढवळत होता. त्याने पाखऱ्याच्या कोनाड्यातून एक बाटली काढली. आत पिवळट, तेलकट औषध होतं. पटात एकाने त्याला ती दिली होती आणि सुईने तो ते औषध पाखऱ्याला टोचायचा. त्या दिवशी त्याने बाटलीतलं चमचाभर दुधात ओतलं. आकांक्षाची आई नलू दारात उभी होती.

"काय टाकता जी त्याच्यात?"

"ताकदीचं हाय. बैल घोड्यावानी पळते याच्यानं. त मंग पोरगी काऊन नाई पळनार?"

"तिले सांगा त खरं."

"सांगतलं त नको म्हनते. लाहनपनी एरंडेल काय सांगून पाजलं होतं?"

नलू हसली आणि चुलीकडे गेली. आकांक्षा आली, एका दमात दूध प्यायली, मिशीसारखा लागलेला फेस मनगटाने पुसला. रोज तसंच. मित्रांनो, मला घंटी होती, पण ती स्वतःहून वाजत नाही. ही माझी जात आहे आणि तिचा मला फार संताप येतो.

त्या शर्यतीचा शेवटचा दिवस मी विसरणार नाही. उतारावर पुढच्या दोघींची चाकं एकमेकींत अडकली आणि क्षणात रस्त्यावर माणसांचा आणि लोखंडाचा ढीग झाला. माझ्या हँडलने एका मुलीचा दात पडला. एकीच्या तळहातातून स्पोक आरपार गेला आणि ती आईला हाका मारत राहिली. आकांक्षा डांबरावर घासत गेली, कोपराची चामडी सोलून पांढरं दिसू लागलं. तिने रडणं बाजूला ठेवलं, मला ढिगातून उपसलं आणि निसटलेली साखळी बोटांनी बसवली. त्यात तिचं एक नख निघालं. मग ती अशी पेटली की मला माझेच पेडल दिसेनात. आम्ही पहिल्या आलो. माझ्या दांडीवरून तिचं रक्त ओघळत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर एका बाईंनी तिच्या लघवीचा नमुना घेतला. तिने हसत हसत दिला. तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच.

गावाने तिला डोक्यावर घेतलं. जेसीबीतून गुलाल उधळला. मला ट्रॅक्टरच्या टपावर बांधून मिरवलं. आणि काही आठवड्यांनी निरोप आला की नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं, जनावरांचं ताकद वाढवायचं. कागद इंग्रजीत होता; चंद्रभान आणि नलूला एवढंच कळलं, की पोरीने कसलंतरी वाईट औषध घेतलं. टीव्हीवर तिचा फोटो आणि खाली 'डोपिंग' हा शब्द. संघाने तिला घरी पाठवलं. चौकशी समितीपुढे म्हणणं मांडायला तारीख दिली. निर्दोष असल्याचं सिद्ध झालं नाही, तर चार वर्षं बंदी आणि नावापुढे कायमचा डाग.

ज्या हातांनी गुलाल उधळला, त्याच हातांनी दारावर शेण फेकलं. "चोट्टी हाय! सुया टोचून जिकली!" पोरं ओरडायची. तिचा भाऊ सचिन अंगावर धावून गेला, तर त्यांनी त्याला रस्त्यात पाडून लाथांनी तुडवलं. तो कपाळ फुटून घरी आला, शर्ट रक्ताने भिजलेला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असल्या लोकांचा मला वीट येतो. पण खरं सांगू, त्यांचा राग मी केव्हाच विसरले असते. पुढचं नाही विसरत.

चंद्रभान तळेगावच्या बाजाराला गेला होता. तिथे त्याच्या पटातल्याच लोकांनी त्याला घेरून विचारलं, "पोरीले कोनती सुई टोचता जी, चंद्रभानजी? आमच्या जोडीलेबी सांगा!" तो तसाच परतला, संतापाने काळा-निळा पडून. आकांक्षा गोठ्यात मला पुसत बसली होती.

"कोनी देल्लं तुले? तिथं कोनी पाजलं?"

"बाबा, मी काई घेतलं नाई."

"मंग कुठून निंगालं? आभायातून पडलं काय?"

"नाई घेतलं, बाबा. तुमची आन."

त्याने बैल हाकायची तुतारी उचलली. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. पाठीवर, खांद्यावर, हातांवर मारत सुटला. ती खाली पडली आणि एका फटक्यात खिळा तिच्या पोटरीत घुसला, ज्या पोटरीला तो रोज तेल लावायचा. ती किंचाळली. पाखऱ्या दावं तोडायला पाहत होता. मग चंद्रभानची नजर माझ्यावर गेली. कुऱ्हाडीचा पहिला घाव माझ्या सीटवर, दुसरा चाकावर, तिसरा दांडीवर पडला. मी मधोमध फाटले. नलूने धावत येऊन त्याचा हात धरला. "मारून टाकता काय जी लेकरू?" त्याने कुऱ्हाड टाकली आणि भिंतीला टेकून हमसून रडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते ऐकलं होतं. इथे तर फाशी देणाराच तो चोर होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यात आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. आकांक्षा पायाला चिंधी बांधून माझ्याशेजारी बसलेली. त्याच्या हातात दुधाचा गिलास होता. तिच्यासमोरच त्याने कोनाड्यातली बाटली काढली आणि चमचा भरला.

"घे माय. लागलं लय तुले. ताकद येईन."

तिने बाटली हिसकावून वर लिहिलेलं नाव वाचलं. निरोपाच्या कागदावरचं ते नाव तिला पाठ झालं होतं.

"हे... हे तुमी मले कधीपासून देऊन राह्यले?"

"आधीपासून. शर्यतीच्या आधी. पाखऱ्याचं टॉनिक हाय ते."

"हेच निंगालं माह्या अंगात, बाबा! हेच!"

त्याला उमजेना. तो भोळसटासारखा म्हणाला, "पन हे त ताकदीचं हाय."

तिने गिलास भिंतीवर फोडला. कोपऱ्यातली तुतारी उचलली आणि बापाच्या पाठीत हाणली. त्याने हात वर केला नाही. पाठ वाकवून उभा राहिला. तिने दुसऱ्यांदा उगारली आणि मग भिंतीवर मारत राहिली, काठीचे तुकडे होईपर्यंत. मी तिला थांबवलं नसतं, हात असते तरी.

शेवटी ती थकून म्हणाली, "चला समितीपुढं. सांगा, मी देल्लं म्हून."

चंद्रभान गिलासाचे तुकडे वेचू लागला. "बैलाले सुई देतो हे सांगतलं, त मले पटातून काढतील."

"मले त काढलंच हाय."

तो उठून बाहेर गेला. तारीख जवळ येत होती. देणाराच कबूल करत नसेल, तर तिने किंवा नलूने सांगून कोण विश्वास ठेवणार? सगळे आरोपी असंच म्हणतात.

तारखेच्या आधी गावात पट भरला. पटाच्या जत्रेत भंगारवाला येतो, म्हणून चंद्रभानने मला पाखऱ्याच्याच टेम्पोत टाकलं. मैदानाच्या कडेला टेम्पोतून मी सगळं पाहिलं. त्याने सुई काढली आणि दुप्पट भरली. त्याला त्या दिवशी जिंकायचंच होतं. जिंकलं की तोंडं बंद होतात, असा त्याचा हिशेब.

पाखऱ्या सुटला तो बेभान. अर्ध्या मैदानात त्याचे पुढचे पाय दुमडले. मागची हलकी गाडी, छकडी, उलटली, हाकणारा बाजूला फेकला गेला आणि जोडीचा दुसरा बैल पाखऱ्याला फरफटत नेऊ लागला. नाकातून रक्ताचा फेस. चंद्रभान धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेईपर्यंत डोळे थिजले होते. माझा गोठ्यातला सोबती गेला. मला रडता येत नाही, पण त्या वेळी माझं उरलेलं चाक वाऱ्याने फिरत होतं, एवढं मला आठवतं.

चंद्रभान उठला आणि रक्ताळलेल्या हातांनी पुकारणाऱ्याचा माइक ओढून घेतला.

"आयका सारे. माह्या पोरीनं काई घेतलं नाई. ज्या बाटलीनं हा बैल मेला, तेच मी तिले दुधात पाजलं. तिले मालूम नव्हतं. मी तिले मारलं, अन् देनारा मीच व्हतो." त्याने उभ्या जोड्यांकडे बोट केलं. "अन् मी एकटा नाई. इथल्या हरेक जोडीले सुई हाय."

"माइक घ्या त्याच्या हातातून! पट बंद पाडतो काय बे?"

पटवाले त्याच्यावर तुटून पडले. तुताऱ्या, काठ्या, चपला. त्याचा जबडा मोडल्याचा आवाज मी टेम्पोपर्यंत ऐकला. तेवढ्यात गर्दी फाडत आकांक्षा आली, लंगडत, आणि त्याच्यावर पालथी पडली. निम्मे फटके तिने खाल्ले. दोन खिळे तिच्या खांद्यात गेले, तरी ती हलली नाही. सचिनने गर्दीच्या अंगावर ट्रॅक्टर घातला तेव्हा कुठे ते पांगले.

सावंगीच्या दवाखान्यात चंद्रभानच्या जबड्याला तारा घातल्या. बोलता येत नव्हतं, तरी तो समितीपुढे गेला आणि प्रत्येक प्रश्नाला मान हलवून हो म्हणाला. पटातलं बोलणं कोणीतरी फोनवर टिपलं होतं, तेही त्यांनी पाहिलं. समितीने मान्य केलं की मुलीने फसवलं नाही. पण नियम असा, की तुमच्या शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी तुमची. चार वर्षांची बंदी दोनवर आली. पदक गेलं ते गेलंच. संघाने पुन्हा फोन केला नाही.

भंगारवाल्याने मला नेलं नाही, कारण मेलेल्या पाखऱ्याला त्याच टेम्पोत घातलं होतं आणि मी त्याच्या रक्ताने माखले होते. सचिनने मला परत आणलं. तळेगावचा मिस्त्री म्हणाला, ही दांडी जोडली तरी भार पेलणार नाही. आकांक्षा रोज सकाळी सचिनची खटारा सायकल घेऊन घाटात जाते. परत आली की आपलं अन्न आपण शिजवते. चंद्रभानला पेज भरवते, जबडा पुसून देते. पण मित्रांनो, ज्याच्यावर तिने स्वतःला झोकून दिलं, त्याला तिने त्या दिवसापासून 'बाबा' म्हणून हाक मारलेली नाही. तो दारात बसून वाट पाहतो. मीही पाहते, आणि मला त्याचा राग यायचा थांबत नाही.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे. मला फडक्याने पुसू नका, तेल घालू नका, माझं आता काही होणार नाही. पण घरात ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला काही पाजायच्या आधी त्याला सांगा. आणि तो "मी केलं नाही" म्हणाला, तर हात उचलायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. स्वतःलाही विचारा. मारून झाल्यावर उत्तर सापडतं, पण तेव्हा ते कोणाच्या कामाचं नसतं.